खरेदी सूचनेची पोच

विशेष सभेची नोटीस नगरसेवकांच्या हाती पूर्ण तीन दिवस आधी पडली पाहिजे, असा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ चा दंडक आहे. त्या आठवड्यात ती नोटीस मी स्वतः शिपायाबरोबर फिरून सतराही नगरसेवकांच्या घरी दिली आणि प्रत्येकाची सही घेतली. मी तिथला कार्यालय अधीक्षक, हे खरे तर माझे काम नव्हे. पण एखादी सही राहून गेली असती तर कोणीतरी सभेच्या वैधतेवरच बोट ठेवले असते, आणि एकेक दिवस मोजावा अशी आमची स्थिती झाली होती. विषयपत्रिकेवर एकच विषय होता. शहराच्या विकास योजनेत क्रीडांगणासाठी आरक्षित असलेल्या पंचेचाळीस गुंठे जमिनीबाबत नगररचना कायद्याच्या कलम १२७ अन्वये आलेल्या खरेदी सूचनेवर, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशा मालकाच्या नोटिशीवर, निर्णय घेणे, एवढाच तो विषय.

आमची नगरपरिषद ‘क’ वर्गातली, म्हणजे चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या गावाची. ही गोष्ट प्रशासक येण्यापूर्वीची, निवडून आलेले सभागृह अस्तित्वात होते तेव्हाची आहे. सभेच्या दहा-बारा दिवस आधी, दुपारी कार्यालयात फारशी वर्दळ नसताना, धोतर-टोपीतले एक वृद्ध शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. त्यांना सगळे आबा म्हणत असल्यामुळे मीही तसेच म्हणालो आणि बसायला खुर्ची दिली. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडून ठेवला. “साहेब, हा कागद दिल्याला दोन वर्सं होत आली. त्येचं काय झालं, कुणीच सांगंना झालंय,” ते म्हणाले. तो कागद म्हणजे वकिलाने तयार केलेल्या खरेदी सूचनेची स्थळप्रत होती. तिच्या कोपऱ्यात आमच्या कार्यालयाचा आवक शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि तेव्हाच्या आवक लिपिकाची सही, सगळे स्पष्ट दिसत होते. मी तारखेपासून महिने मोजले. बावीस महिने उलटून गेले होते.

या बावीस महिन्यांना एवढे महत्त्व का, हे थोडे सांगायला हवे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजना मंजूर होताना बाग, शाळा, भाजी मंडई, क्रीडांगण अशा सार्वजनिक कामांसाठी खासगी जमिनींवर आरक्षणे पडतात. जमीन मालकाच्या नावावरच राहते, पण त्याला तिथे बांधकाम करता येत नाही, अशा जमिनीवर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि गिऱ्हाईक आलेच तर पडेल भावाने मागते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेने जमीन घेतली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. सूचना पोचल्यापासून ठरावीक मुदतीत जमीन ताब्यात घेतली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू केली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. पूर्वी कमी असलेली ही मुदत २०१५ च्या सुधारणेने चोवीस महिने झाली. आबांच्या जमिनीवरचे आरक्षण दहा नव्हे, चांगले एकोणीस वर्षांचे होते. धाकट्या मुलाला त्याच जमिनीच्या कडेला घर बांधायचे होते, म्हणून त्यांनी अखेर वकिलाकडून ही सूचना दिली होती. इतक्या वर्षांत त्यांनी जमिनीला कुंपण घातले नाही आणि तिथे खेळणाऱ्या मुलांना कधी हटकले नाही, हे त्या प्रभागातला प्रत्येक माणूस सांगेल.

आबांना चहा द्यायला सांगून मी आवक नोंदवही काढली. नोंद होती. सूचना बांधकाम व नगररचना पटलाकडे, म्हणजे त्या कामाच्या टेबलाकडे, वर्ग केल्याचा शेराही होता. पटलावर शोध घेतला तेव्हा ती एका जुन्या, वेगळ्याच विषयाच्या नस्तीत टाचलेली सापडली. ज्या लिपिकाकडे ते पटल होते त्यांची मधल्या काळात बदली झाली होती, आणि कार्यभार देताना केलेल्या यादीत या कागदाचा उल्लेख नव्हता. मुख्याधिकाऱ्यांसमोर तो कधी ठेवलाच गेला नव्हता. इथपर्यंत दोष दुसऱ्याचा म्हणता आला असता. पण कार्यविवरण नोंदवहीचा, म्हणजे आलेल्या कागदांवर काय कार्यवाही झाली ते नोंदवायच्या वहीचा, आठवड्याचा गोषवारा अधीक्षकाने तपासायचा असतो, आणि त्या बावीस महिन्यांतल्या प्रत्येक गोषवाऱ्याखाली माझी सही होती. गोषवाऱ्यात त्या पटलाची प्रलंबित प्रकरणे दर आठवड्याला जवळपास तीच दाखवलेली होती. आकडा हलत नाही, तर प्रकरणे कोणती आहेत ते उघडून पाहावे, इतके साधे काम मी केले नव्हते. इतर कामे खूप होती हे खरे. पण ते कारण मी त्या दिवशी स्वतःला दिले नाही आणि आजही देत नाही. त्याच संध्याकाळी मी सगळा घटनाक्रम स्वतःच्या चुकीसह लिहून टिपणी मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांना भेटून विशेष सभा बोलावण्याची विनंती केली.

सभेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता सभागृह भरले. प्रेक्षकांसाठीच्या मागच्या बाकांवर आबा, त्यांचा मुलगा आणि प्रभागातली पंधरा-वीस तरुण मुले बसली होती. नागरिकांना सभा पाहता येते, बोलता येत नाही, हे मी आबांना आधीच समजावून सांगितले होते. गणपूर्ती झाल्याचे जाहीर झाल्यावर मी विषय वाचून दाखवला आणि मुख्याधिकारी बोलायला उभे राहिले. त्यांनी काहीही लपवले नाही. सूचना कधी आली, ती कुठे पडून राहिली आणि आता सात आठवडेही शिल्लक नाहीत, हे त्यांनी सांगितले. मग त्यांनी रकमेचा हिशेब मांडला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारमूल्याइतकीच आणखी शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, त्यामुळे वार्षिक मूल्यदर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरच्या, दराने धरले तरी रक्कम पावणेतीन कोटींच्या घरात जात होती. घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून आमची वर्षाची वसुली तिच्या निम्म्यालाही पोचत नव्हती, आणि अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या लेखाशीर्षाखाली केवळ दहा लाखांची तरतूद होती.

चर्चा तापली. एका ज्येष्ठ सदस्यांनी रोख रकमेऐवजी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) देण्याची सूचना केली. मोठ्या शहरात तिला अर्थ आहे, कारण तिथे तो हक्क विकत घेणारे बांधकाम व्यावसायिक रांगेत उभे असतात. आमच्या गावात जिथे चौथा मजला बांधणारा माणूस शोधावा लागतो, तिथे आबांनी तो कागद कोणाला विकायचा? मालकाची संमती नसेल तर तो पर्याय लादता येत नाही, हे मुख्याधिकाऱ्यांनी स्पष्ट केल्यावर तो मुद्दा मागे पडला. दुसरे एक सदस्य म्हणाले, आज सर्वानुमते ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून द्या, म्हणजे कार्यवाही सुरू झाली असे होईल आणि आरक्षण वाचेल. बाके वाजली. मागे बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला.

त्याच वेळी त्या प्रभागाच्या नगरसेविका उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या या बाई सभेत फार बोलत नसत. त्यांनी विचारले, “अध्यक्ष महोदय, मला मुख्याधिकारी साहेबांकडून एवढंच कळू द्या, की आज ठराव केल्यानं जमीन वाचणार आहे का?” सभागृहात शांतता पसरली. मुख्याधिकाऱ्यांनी क्षणभर थांबून उत्तर दिले की, केवळ ठरावाने वाचणार नाही. गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे की, नुसता ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवणे म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे, संपादनाची अधिसूचना मुदतीत प्रसिद्ध व्हावी लागते. त्यासाठी संयुक्त मोजणी, मिळकत पत्रिका, भाग नकाशा जोडून प्रस्ताव आणि पैशांची हमी हे सारे आधी हवे. एवढ्या दिवसांत यातले किती साधेल, असे त्यांना पुन्हा विचारले गेले तेव्हा ते म्हणाले, प्रयत्न पूर्ण करू, पण साधेल असे मी सांगू शकत नाही.

बाई बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ठराव जरूर करा, मी अनुमोदन देते. पण सूचना बावीस महिने कार्यालयात पडून राहिली आणि त्यामुळे सभागृहाला विचार करायला वेळच मिळाला नाही, हे इतिवृत्तात शब्दशः आले पाहिजे. यावर गोंधळ झाला. असे लिहिले तर उद्या नगरपरिषदेवरच ताशेरे येतील, ‘प्रशासकीय कारणास्तव विलंब झाला’ एवढे पुरे, असे काहींचे म्हणणे होते. कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणाले, अधीक्षकांचीच नोकरी धोक्यात येईल. ते सहानुभूतीने म्हणाले होते, हे मला ठाऊक आहे. मी सभेत बोलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मी म्हणालो की त्या काळातल्या गोषवाऱ्यांवर माझी सही आहे, तेव्हा बाईंनी सांगितले तसेच लिहावे, माझी हरकत नाही. त्यानंतर नगराध्यक्षांनी ठराव मतास टाकला. तो सर्वानुमते मंजूर झाला, बाईंच्या वाक्यासह.

त्या रात्री मी कार्यालयात बसून इतिवृत्त लिहिले. एरवी हे काम सभा लिपिक करतो आणि मी फक्त तपासतो. ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मी आयुष्यभर वाचत आलो होतो. त्यांच्यामध्ये ‘सदर सूचना कार्यालयात बावीस महिने कार्यवाहीविना पडून राहिली’ हे वाक्य लिहिताना हात जड झाला. लिहून झाल्यावर मात्र मला बरे वाटले. ठराव वाचणाऱ्या पुढच्या माणसाला तरी खरे काय घडले ते कळणार होते.

पुढचे सहा आठवडे आम्ही धावपळ केली. प्रस्ताव सभेनंतर तिसऱ्या दिवशी गेला. मोजणीची तातडीची फी भरली आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी येऊन मोजणी केली. निधीसाठी मुख्याधिकारी स्वतः मंत्रालयात जाऊन आले. आबांनी वाटाघाटीने जमीन देण्याचीही तयारी दाखवली होती, हप्त्याने पैसे घ्यायलाही ते राजी होते. परंतु पहिला हप्ता द्यावा इतकीही रक्कम आमच्याकडे नव्हती. अधिसूचनेविना चोवीस महिने पूर्ण झाले. आरक्षण संपले. गावाचे क्रीडांगण गेले याचे दुःख मला झाले आणि आबांना न्याय मिळाला याचे समाधानही झाले. ही दोन्ही मने माझ्यात अजून एकत्र नांदतात, त्यातले एक खोटे आहे असे मला वाटत नाही. कार्यालयीन चौकशी झाली, मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी मी प्रत्येक पटलाची प्रलंबित प्रकरणे स्वतः उघडून पाहिली.

आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना शासकीय राजपत्रात यायला पुढे बरेच महिने लागले. ती आली त्याच आठवड्यात आबा मुलाला घेऊन झोन दाखल्याचा, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणाऱ्या दाखल्याचा, अर्ज द्यायला आले. आवक लिपिक रजेवर होता, म्हणून अर्ज मीच घेतला, नोंदवहीत नोंद केली आणि स्थळप्रतीवर शिक्का मारून त्यांच्या हाती दिली. आबांनी चष्मा लावून तारीख वाचली, आवक क्रमांक वाचला, माझी सही पाहिली, आणि कागदाची घडी घालून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. मी अर्ज घेऊन त्यांच्यादेखतच मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाकडे गेलो.