घरच्या सर्व्हरला मराठी बोलणारा डिस्प्ले: आतापर्यंतचं काम

गेल्या दिवाळीच्या आसपास आमच्या घरच्या सर्व्हरमधली एक डिस्क गेली आणि मला ते सतरा दिवसांनी कळलं. मिरर (तोच डेटा दोन डिस्कवर) असल्यामुळे एकही फोटो गेला नाही, पण ते सतरा दिवस सगळा भार एकाच डिस्कवर होता. सूचनेचा ई-मेल आला होता, तो जाहिरातींच्या ढिगात दबून गेला. सर्व्हर हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. आई दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून जाते. तिला दिसत होता फक्त निळा दिवा, आणि तो तर डिस्क गेल्यावरही तसाच लुकलुकत होता. म्हणून ठरवलं, की सर्व्हरच्या दर्शनी पट्टीवर डिस्प्ले बसवायचा आणि तो आईला वाचता येईल असाच हवा. म्हणजे मराठीत.

मशीन म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, ४ टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये. डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकला, तिथली सव्वापाच इंची मोकळी जागा डिस्प्लेला मिळाली.

सोळा बाय दोन किंवा वीस बाय चारचा हिरवा एलसीडी पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो, पण तो मराठीच्या कामाचा नाही. त्याच्या एचडी४४७८० चिपमध्ये आपली अक्षरं घालायला फक्त आठ घरं असतात, तीही पाच बाय आठ ठिपक्यांची. बाराखडी त्यात मावणार कशी? म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन १.३ इंची ओलेड (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा पडदा) आणला, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. हा घेताना मागची चिप विचारून घ्या. लहान ०.९६ इंचीत बहुतेक एसएसडी१३०६ असते, १.३ इंचीत सहसा एसएच११०६. दुसरीच्या मेमरीत १३२ स्तंभ असतात आणि पडदा मधल्या १२८ वर बसतो. मी सवयीने १३०६ चा ड्रायव्हर लावला तर पडद्यावर नुसता कचरा आला. योग्य ड्रायव्हर आणि दोन स्तंभांची सरक दिल्यावर चित्र जागेवर बसलं. वायरी जोडण्याआधी पिनांवरची अक्षरंही वाचा, कारण काही मॉड्यूलवर ग्राउंड पहिला असतो तर काहींवर व्हीसीसी, म्हणजे वीज देण्याची पिन.

हा डिस्प्ले आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर चालतो, आणि डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर आयटूसीच्या पिना सहज हाताशी येत नाहीत. म्हणून मध्ये रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घातला, तो मदरबोर्डच्या आतल्या यूएसबी हेडरला जोडला. चित्र सर्व्हरवरच पायथनने तयार होतं आणि पिको ते फक्त पडद्यावर उतरवतो. एक चित्र म्हणजे १०२४ बाइट. ४०० किलोहर्ट्झवर ते साधारण २३ मिलिसेकंदांत जातं. दहा सेकंदांनी एकदा बदलणाऱ्या पडद्याला एवढं पुरून उरतं.

खरा वेळ गेला तो अक्षरांत. पहिल्यांदा 'स्थिती' लिहून पाहिलं तर स आणि थ सुटे पडले, मध्ये हलन्त लोंबत राहिला, आणि पहिली वेलांटी 'स्थ'च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन तला चिकटली. फाँट मुक्ता होता, त्यात काही खोट नव्हती. पायथनमध्ये चित्रं काढणाऱ्या पिलो लायब्ररीला जोडाक्षरं जुळवायला राक्म ही दुसरी लायब्ररी लागते, आणि राक्मला फ्रिबिडी ही तिसरी. माझ्या अगदी किमान डेबियनवर फ्रिबिडीच नव्हतं. पिलो याबद्दल कुठेही तक्रार करत नाही, मुकाट्याने साध्या पद्धतीने अक्षरं मांडतो. पिलोच्या फीचर्समध्ये राक्म तपासलं तर उत्तर 'नाही' आलं. फ्रिबिडी बसवलं, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि 'स्थिती' पडद्यावर नीट उमटली, तेव्हा मी खुर्चीतून उठून आईला बोलावून दाखवली.

लहान आकारात आणखी एक अडचण आली. कडा मऊ करणं बंद केलं की शिरोरेषा एका ठिपक्याची होते आणि ध-घ, भ-म यांच्यातली फट बुजते. शेवटी २० ठिपक्यांच्या आकारात तीनच ओळी ठेवल्या आणि शब्द निवडून घेतले. झेडएफएसच्या 'डिग्रेडेड'ऐवजी 'एक डिस्क गेली', रिसिल्व्हरिंगला (डिस्कवर डेटा पुन्हा जुळवण्याला) 'दुरुस्ती चालू'. खाली उकार आणि वर रफार एकाच ओळीत आले की कापले जातात, तेवढं सांभाळावं लागतं.

मग पडदा मध्येच गोठायला लागला. कधी तासाने, कधी दोन मिनिटांनी. आधी सोल्डर बघितलं, मग केबल बदलली, मग पॉवरवर संशय घेतला. चार संध्याकाळी यात गेल्या. शेवटी लक्षात आलं, की ठरावीक टक्केवारी दिसायची वेळ आली की गोठतो. पिकोवर चालणाऱ्या मायक्रोपायथनमध्ये यूएसबीवरून ३ या मूल्याची बाइट आली की ती कंट्रोल-सी, म्हणजे 'थांब' असा हुकूम, धरली जाते आणि प्रोग्राम थांबतो. माझ्या चित्रात उभ्या आठ ठिपक्यांपैकी नेमके वरचे दोन पेटले की तीच बाइट तयार होत होती! मायक्रोपायथनच्या केबीडी-इंटर फंक्शनला उणे एक दिलं की हे बंद होतं. तुम्ही यूएसबीवरून कच्चा डेटा पाठवणार असाल तर ही ओळ सगळ्यात आधी लिहा.

त्या गोठण्याने मात्र एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. गोठलेला पडदा तासभर 'सर्व ठीक' म्हणत होता. ज्या खोट्या दिलाशासाठी दिव्याला नावं ठेवली, तोच मी अक्षरांत लिहून ठेवला होता. आता पिकोच्या स्वतःच्या मेमरीत एक तयार चित्र आहे: 'सर्व्हरकडून निरोप नाही'. नव्वद सेकंदांत नवं चित्र आलं नाही तर पिको ते आपणहून लावतो. सर्व्हर नीट बंद केला तर जाता जाता तो 'बंद' असं चित्र पाठवून जातो, कारण माझ्या मदरबोर्डच्या यूएसबीला बंद असतानाही वीज मिळत राहते.

डिस्कचं तापमान वाचायला स्मार्टसीटीएल ही आज्ञा वापरते, पण 'एन स्टँडबाय' हा पर्याय लावूनच. नाहीतर झोपलेली डिस्क दर वेळी जागी होते. झोपली असेल तर पडद्यावर 'झोपली' एवढंच येतं.

पट्टी कापायला एक अख्खा रविवार लागला. खिडकी २९ बाय १५ मिलिमीटरची. चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली, हॅक्सॉच्या ब्लेडने मधला भाग काढला आणि मग कानस. डावी कड अर्धा मिलिमीटर तिरकी गेली आहे, ती पुढच्या पट्टीत सुधारेन. रीसेटचं बटण मदरबोर्डवरून काढून पिकोला जोडलं. ते दाबलं की पडदा तीस सेकंद उजळतो. एरवी काळाच असतो, कारण ओलेडवर तीच अक्षरं महिनोन्‌महिने राहिली की तिथले ठिपके मंद पडतात. काही बिघडलं असेल तर मात्र न दाबता लुकलुकतो.

परवा खरी चाचणी घेतली. कुणाला न सांगता झेडपूल या झेडएफएसच्या आज्ञेने एक डिस्क ऑफलाइन केली आणि आत जाऊन बसले. अर्ध्या तासाने हॉलमधून हाक आली, "अगं, एक डिस्क गेली म्हणतोय हा. बघ बरं." डिस्क परत ऑनलाइन केली. 'दुरुस्ती चालू' आलं आणि मिनिटाभरात 'सर्व ठीक'. आई तोपर्यंत तिथेच उभी होती. तिने लगेच पुढचं काम दिलं: वीज गेल्यावर अजून किती वेळ चालेल, तेही यावर दाखव.

यूपीएस आधीच 'नट' या त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीला जोडलेला आहे, बॅटरी किती सेकंद पुरेल हा आकडा तिथे मिळतो. चौथी ओळ मावत नाही. त्यामुळे वीज गेली की तापमानाची ओळ काढून तिथे मिनिटं दाखवायचा विचार आहे. या शनिवारी ते करून बघते.