तुम्ही विचारलंत म्हणून: नुसता उजेड पाडून असं काय होतं?

धातूवर रेणूंचा पातळ थर चढवायचा आणि त्यावर प्रकाश पाडून बघायचं, असं माझं काम थोडक्यात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पण नुसत्या उजेडानं तिथं काय होणार?’

गुळगुळीत सोनं असेल तर साध्या उजेडानं खरंच फारसं काही होत नाही. गंधक असलेले थायोल रेणू सोन्यावर आपणहून रांगेत उभे राहतात. गंधकाचं टोक धातूला धरून असतं आणि कार्बनची साखळी साधारण 30 अंशांत कललेली. सगळा थर 1 ते 3 नॅनोमीटर जाडीचा. अझोबेंझीनसारखा रेणू द्रावणात असताना अतिनील प्रकाशानं वाकतो आणि निळ्या प्रकाशानं पुन्हा सरळ होतो. तोच सोन्याला अगदी खेटून बसवला की बऱ्याचदा ढिम्म राहतो, कारण त्यानं शोषलेली ऊर्जा त्याला काही करायची सवड मिळायच्या आत धातू ओढून घेतो. त्याला हलतं ठेवायचं तर सोनं आणि तो यांच्यामध्ये थोडं अंतर राखावं लागतं.

हवेत तीव्र अतिनील प्रकाश पाडला तर मात्र ओझोन तयार होतो, गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं, त्याची पकड सुटते आणि रेणू धुऊन निघतात. वर झाकणारा साचा ठेवला की हव्या त्या आकृतीत थर काढून टाकता येतो.

खरी गंमत खडबडीत धातूवर. चांदी-सोन्याचे नॅनोमीटरमध्ये मोजायचे कण घेतले, की भांड्यातलं पाणी हिंदकळावं तसे त्यांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हिंदकळतात. याला प्लाझ्मॉन म्हणतात. 20 नॅनोमीटरचे सोन्याचे कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचं द्रावण लाल दिसतं. दोन कणांमधल्या फटीत तर प्रकाशाचं विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी वाढतं, आणि रेणू नेमका तिथं असेल तर त्याच्यावर पडणारा प्रकाश आपण सोडलेल्या प्रकाशापेक्षा कितीतरी प्रखर असतो.

याचा फायदा रामन परिणामात दिसतो. 1928 साली सापडलेल्या या परिणामात रेणूवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि तो किती बदलला यावरून (म्हणजे वर्णपटातल्या रेषांवरून) रेणू ओळखता येतो. पण कोटीभर फोटॉनांमधला, म्हणजे प्रकाशकणांमधला, एखादाच असा रंग बदलून येतो. 1974 साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन या रसायनशास्त्रज्ञांना खडबडीत चांदीवरच्या पिरिडीन या सेंद्रिय रेणूचा रामन संकेत अनपेक्षितपणे ठळक मिळाला. पृष्ठभाग वाढला, रेणू जास्त बसले, असं तेव्हा वाटलं. 1977 साली दोन गटांनी हिशेब मांडला: संकेतातली वाढ एक लाख ते दहा लाख पटींची होती, आणि नुसत्या जादा रेणूंनी ती भरून निघेना. ती मुख्यतः वर सांगितलेल्या प्लाझ्मॉनची करामत होती. 1997 पर्यंत एकेका रेणूचा संकेत मिळू लागला.

इथपर्यंत ऐकून लोक खूश होतात. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. पॅरा-अमिनोथायोफिनॉल हा रेणू म्हणजे या क्षेत्रातला नेहमीचा नमुना. त्याच्या वर्णपटात काही जास्तीच्या रेषा दिसत. धातू आणि रेणू यांच्यात विद्युतभार इकडून तिकडे जातो म्हणून त्या येतात, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2010 च्या सुमारास उघड झालं, की लेझरखाली दोन रेणू नायट्रोजनपाशी जोडले जाऊन वेगळंच अझो संयुग तयार होतं, आणि त्या रेषा त्याच्या आहेत. म्हणजे ज्या उजेडात बघत होतो, त्यानंच बघायची वस्तू बदलली होती!

हे घडवतं कोण? प्लाझ्मॉन काही फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांशाच्याही दहा लाखाव्या भागांत) विझतो, त्याची ऊर्जा आधी तप्त इलेक्ट्रॉनांकडे आणि मग उष्णतेकडे जाते. तप्त इलेक्ट्रॉन रेणूत शिरून बंध मोडतात की कण नुसता तापतो, यावर अजून भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर आधी तापमानाचा हिशेब मांडावा, इलेक्ट्रॉनांना श्रेय नंतर द्यावं. बरेच जण उलटं करतात, कारण इलेक्ट्रॉनांची गोष्ट जास्त देखणी आहे.

त्यामुळे लेझर आधी अगदी मंद ठेवून एक वर्णपट घ्यायचा, मग शक्ती वाढवायची आणि पुन्हा मंद करून त्याच ठिपक्यावर बघायचं. रेषा पूर्ववत आल्या तर बदल तात्पुरता होता. नाही आल्या, तर समोरचा रेणू आता दुसराच असण्याची शक्यता आधी तपासायची.