मिरचीच्या वाफ्यात आलेलं तण, आणि ते केना आहे हे कसं कळलं

जूनचे पहिले पाऊस पडले आणि मिरचीच्या वाफ्यात एक रुंद पानाचं तण भराभर पसरायला लागलं, जमिनीला टेकून चालणारं, जिथे पेर मातीला लागेल तिथे मुळं फुटलेली. मोबाइलवर फोटो टाकून बघितला तर एका फोटोला एक नाव, दुसऱ्याला दुसरंच. नुसत्या पानांवरून अवघडच असतं ते, म्हणून म्हटलं लगेच उपटायचं नाही, फूल येऊ दे.

फूल मात्र सकाळीच बघावं लागतं, दुपारपर्यंत पार कोमेजून जातं. काय सुंदर निळं असतं! तीन पाकळ्या, वरच्या दोन मोठ्या, खालची लहानशी. फूल बाहेर येतं ते नरसाळ्यासारख्या दुमडलेल्या छोट्या हिरव्या पानातून, ते चिमटीत दाबलं तर आतून बुळबुळीत पाणी आलं. आणि पान खोडाला जिथे वेढून बसतं तिथे तांबूस केस, उजेडाकडे धरलं की स्पष्ट दिसतात. ही खूण मला सगळ्यात कामाची वाटली कारण ती फूल नसतानाही बघता येते.

हे सगळे फोटो मामेभावाला पाठवले, तो वाशिमकडे सोयाबीन करतो. लगेच फोन आला, "ताई, केना आहे हा, आमच्या सोयाबीनमध्ये याचाच ताप. वरचं वर ओढू नको, खाली उकरून बघ."

खुरप्याने हळूहळू माती बाजूला केली तर खाली बारीक पांढरट फांद्या, आणि त्यांना इवल्या मिटलेल्या कळ्या! केन्याला जमिनीखालीही फुलं येतात, ती उघडतच नाहीत, आतल्या आत परागीभवन होऊन तिथेच बी धरतं. कॉमेलिना बेंगालेन्सिस हे शास्त्रीय नाव, त्याच्या वर्णनात हे वाचलं आणि शंकाच उरली नाही.

मग काढताना सगळं मातीसकट उकरून काढलं. तुटलेला पेराचा तुकडा ओल्या मातीत परत जीव धरतो, त्यामुळे ओला केना कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, पत्र्यावर पसरून पूर्ण वाळू द्या. फुलं येऊन बी धरायच्या आत काढलात तर पुढच्या वर्षीचा त्रास बराच वाचतो.

आणि हो, कोवळ्या पानांची भजी मस्त होतात, मामी दर पावसाळ्यात करते. फक्त ओळख पक्की हवी आणि तिथे कसली फवारणी झालेली नको.