डब्ल्यू कुठून येतो? स्ट्रक्चरल डिझाइन शिकतानाचा माझा अनुभव

कॉलेजात चार वर्षं 'डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट' (बीमला वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, काढायचं सूत्र; डब्ल्यू म्हणजे मीटरमागचा भार, एल म्हणजे लांबी) इतकं घोकलं की ते पाढ्यांसारखं तोंडपाठ झालं. पण त्यातला 'डब्ल्यू' येतो कुठून, हे कधी कुणी विचारलं नाही. पेपरात तो दिलेलाच असायचा. बीमच्या दोन टोकांना छोटे त्रिकोण काढलेले असायचे, म्हणजे तिथे आधार आहे असं समजायचं. तो आधार दगडी भिंतीचा की काँक्रीटच्या कॉलमचा, बोल्टने आवळलेला की नुसता टेकवलेला, याची चौकशी अभ्यासक्रमात नव्हती. पुढे मी जे काही डिझाइन शिकलो ते बहुतेक या दोन गोष्टींच्या मागे लागूनच.

साइटवर काही काळ सुपरवायझरी करून पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे लागलो. छोटं ऑफिस, सर साठीच्या पुढचे. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या ईटॅब्स (इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) हातात मिळेल. मिळाली ती बार बेंडिंग शेड्यूलची, म्हणजे सळयांच्या तक्त्यांची, थप्पी. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे सळईचं मीटरला किती किलो वजन, हे साइटवरच कळलं होतं (१६ मिमीची सळई १.५८ किलो). आता प्रत्येक सळई कुठे वाकते, लॅप (दोन सळयांचा जोड) कुठे येतो, कुठे संपते हे हाताने काढायचं. काम कंटाळवाणं, पण सळई जिथे संपते तिथे नेमकं काय होतं, हा किडा त्यातूनच डोक्यात शिरला.

मग सरांनी एका बंगल्याचा प्लॅन पुढे सरकवला. म्हणाले, "कॅल्क्युलेटर ठेव बाजूला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कुठून कुठून फिरत पायाच्या फूटिंगमध्ये जातं, ते बोटाने दाखव." टाकीचा स्लॅब, त्याखालचा बीम, तो ज्या बीमवर येतो तो बीम, मग कॉलम. बोट मध्येच अडकलं, की तिथे आर्किटेक्टने कॉलम गायब केलेला असायचा. अशा वेळी सर काही बोलत नसत, नुसते माझ्या बोटाकडे बघत बसत.

वजनं काढायला लागलो तेव्हा पहिला धक्का बसला. साधी साडेतीन बाय साडेचार मीटरची खोली घ्या. १२५ मिमीचा स्लॅब, काँक्रीट २५ किलोन्यूटन घनमीटरला, म्हणजे चौरस मीटरला ३.१. फरशी-प्लास्टरचे दीड. माणसं, कपाटं, पाहुणे या सगळ्यांसाठी भारांचा कोड आयएस ८७५ राहत्या खोलीला धरायला सांगतो ते २. बेरीज ६.६ किलोन्यूटन. हे वजन चारी बाजूंच्या बीमवर वाटलं की बाहेरच्या बीमला मीटरमागे सहा ते सात येतात. त्याच बीमवर नऊ इंची विटांची भिंत उभी असेल तर तिचे प्लास्टरसकट बारा-तेरा होतात. म्हणजे स्लॅब, फरशी आणि पाहुणे मिळून जेवढा भार, त्याच्या जवळजवळ दुप्पट एकट्या भिंतीचा! एएसी ब्लॉकवर (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकवर) बिल्डर एवढे खूश का असतात, हे तेव्हा उमगलं. ब्लॉकच्या किमतीपेक्षा खालच्या सळईतली बचत बोलत असते.

काँक्रीटमध्ये त्याच्या कोडशी, आयएस ४५६ शी, गाठ पडली. हे सगळे कोड आता बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर मोफत मिळतात, तेव्हा झेरॉक्सच्या झेरॉक्सवर भागवू नका, आकडे पुसट होतात आणि आठाचा तीन वाचला जातो. या कोडमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बीममध्ये किती सळई टाकायची यावर असलेली वरची मर्यादा. 'अजून दोन सळया टाक, मजबूत होईल' हा साइटवरचा लाडका समज आहे. सळई प्रमाणात असेल तर भार वाढल्यावर आधी सळई ताणली जाते, बीम वाकतो, भेगा दिसतात, माणसं बाहेर पडतात. प्रमाणाबाहेर सळई कोंबली तर आधी काँक्रीट चिरडतं, आणि ते सांगून होत नाही.

सळई किती यापेक्षा कुठे, हा प्रश्न तर त्याहून नाजूक. बाल्कनीच्या कँटिलिव्हर (एकाच बाजूला आधार असलेल्या) स्लॅबमध्ये मुख्य सळई वर लागते, कारण ताण वरच्या अंगाला येतो. १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये वरचं कव्हर (सळईला झाकणारं काँक्रीट) वगैरे सोडून कामाची खोली मिळते साधारण १०० मिमी. स्लॅब टाकताना घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून चालतात. खालच्या चेअर (जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया) नीट नसतील आणि सळई एक इंचाने दबली, तर राहिले ७५. ताकद पाव भागाने गेली, ड्रॉइंग मात्र बिनचूक. म्हणून बाल्कनीच्या स्लॅबला आजही मी काँक्रीट ओतायच्या वेळी जातो, आदल्या दिवशी स्टील चेक करून भागत नाही.

खरी कसरत बीम-कॉलमच्या सांध्यात. भूकंपासाठीचा कोड आयएस १३९२० म्हणतो की कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या) सांध्यातूनही सलग गेल्या पाहिजेत आणि त्यांचे हुक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. भूकंपात कव्हरचं काँक्रीट निघून पडतं, ९० अंशांतला हुक उघडतो आणि रिंग नुसती नावाला उरते. कागदावर हे पटतं. साइटवर आमचा नांदेडकडचा फिटर (सळई बांधणारा) माझ्याकडे रिंग धरून म्हणाला, "साहेब, चारी बाजूंनी बीमचं स्टील आलंय. ही आत जाणार कुठून? तुम्हीच घालून दाखवा." त्याचं बरोबर होतं. बीमची सळई ओवायच्या आधी रिंगा कॉलमवर सोडून ठेवल्या तरच त्या बसतात, आणि तो क्रम ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो. आता आम्ही लिहितो. त्यातून कॉलम २३० मिमीचा असेल, भिंतीत लपावा म्हणून, तर बीमच्या सळईला आत शिरून पकडायला जागाच मिळत नाही. एम २५ काँक्रीटमध्ये एफई ५०० ची सळई (ही दोन्ही ताकदीच्या प्रतीची नावं) पूर्ण ताकदीने धरायला व्यासाच्या सुमारे ४९ पट लांबी लागते. १६ मिमीला ७८० मिमीच्या वर. २०१६ च्या सुधारणेत कॉलमची किमान बाजू ३०० मिमी झाली तेव्हा फ्लॅटच्या कोपऱ्यातून कॉलम डोकावतो म्हणून पुष्कळ कुरकुर झाली. मी फिटरच्या बाजूने आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग सोडलेल्या इमारती बसल्या. त्यांचे फोटो बघितलेल्या माणसाने कोपऱ्याची तक्रार करू नये.

स्टीलकडे वळलो ते चाकणच्या बाजूच्या एका गोडाऊनच्या शेडमुळे. काँक्रीटवाल्याचं मन सवयीने वरून खाली बघतं. शेडमध्ये ते उलटं करावं लागतं. पुण्यात वाऱ्याचा मूळ वेग धरायचा ३९ मीटर सेकंदाला, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणला की दाब निघतो चौरस मीटरला ९१३ न्यूटन, ढोबळ ९० किलो. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे बार) मिळून वजन १०-१५ किलो. उताराचे, उघड्या शटरचे गुणक लावून झाले तरी हिशोब एकाच बाजूला झुकतो: हे छप्पर पडण्यापेक्षा उडायला बघतंय. मग फूटिंगचं काम शेडला पेलायचं कमी आणि जमिनीला बांधून ठेवायचं जास्त. माझा डब्ल्यू वर निघाला होता!

तिथूनच स्टीलचा दुसरा धडा आला, तो म्हणजे बकलिंग. ट्रसचा (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचा) खालचा टाय रोजच्या दिवशी ताणात असतो, पण वारा छप्पर उचलतो तेव्हा तोच दाबात जातो. ताणात बारीक पट्टीही चालते, दाबात ती वाकून बाजूला पळते. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल हातात घेतला तर मोडेल असं वाटत नाही. पण त्याची सगळ्यात कमकुवत दिशेची जायरेशन त्रिज्या (वाकायला किती विरोध, याचं माप) जेमतेम ९.६ मिमी. लांबी भागिले ही त्रिज्या, याला स्टीलच्या कोडची, आयएस ८०० ची, नेहमीच्या दाबाची मर्यादा १८०, म्हणजे १.७ मीटरच्या पुढे हा अँगल आधाराशिवाय दाबात वापरायचा नाही. फक्त वाऱ्याने उलट्या होणाऱ्या टायला ३५० पर्यंत सूट आहे. हे आकडे पाठ झाल्यावर एसटी स्टँडच्या छपराकडेही मी सरळ बघू शकत नाही, बायको वैतागते.

आणि इथेही त्रिकोण. सॉफ्टवेअरमध्ये कॉलमच्या तळाशी 'फिक्स्ड' (टोक फिरू न देणारा आधार) एका क्लिकवर होतं. झालं की शेड कमी हलते, सेक्शन हलके येतात, क्लायंट खूश. जमिनीवर मात्र त्या क्लिकचा अर्थ जाड बेस प्लेट, कॉलमच्या बाहेरच्या बाजूंना लांब फाउंडेशन बोल्ट आणि मोमेंट पेलणारं मोठं फूटिंग. फॅब्रिकेटरने चार बोल्ट कॉलमच्या पोटात बसवले असतील तर ते पिनच (टोक फिरू देणारा आधार), आपण स्क्रीनवर काहीही म्हणू दे. सर ड्रॉइंग हातात घेत तेव्हा आधी बेस प्लेटचं डिटेल शोधत आणि त्यावरून मॉडेल खरं की खोटं ते ठरवत. मीही आता तेच करतो.

लाकूड कॉलेजात जवळजवळ नव्हतंच. ते शिकलो वाईतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीवर. माडी खचली होती आणि घरच्यांना ती पुन्हा वापरात आणायची होती. सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या (बारीक आडवी लाकडं), वर पाट, मग माती-चुना, त्यावर शहाबादी, आणि मधल्या कुठल्या तरी पिढीने तिच्यावर मोझॅकच्या लाद्या घातलेल्या. लाकडाचा कोड आयएस ८८३ काढून बसलो. काँक्रीट आणि स्टील लिमिट स्टेटवर (भार वाढवून धरायचा आणि मोडायच्या टोकाशी तपासायचं) गेले तरी लाकूड अजून परवानगीच्या ताणावरच (रोजच्या भाराला ताण ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा) चालतं. मोझॅक वगळून हिशोब केला: ७५ बाय १२५ ची कडी, २.४ मीटरचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर), एक-एक फुटावर. ताण आला चौरस मिमीला साडेपाच न्यूटन, खाली वाकणं साडेपाच मिमी. चांगल्या सागाला यात काहीच जड नाही. मग माडी खचली कशाने?

कामावरच्या सुतारांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांनी माझा कागद बघितला नाही. भिंतीशी जाऊन कडीच्या टोकावर पटाशीची मूठ ठोकली, बद्द आवाज आला. पटाशी टेकवून दाबली तर बोटभर आत गेली. म्हणाले, "साहेब, कडी मधी मोडत न्हाई. भितीत मरती." पावसाचं पाणी भिंतीतून टोकापर्यंत येतं, हवा लागत नाही, मग वाळवी. गाळ्याच्या मध्यात लाकूड दीडशे वर्षांनंतरही खणखणीत. शेवटी मोझॅक आणि भिजलेली माती उतरवली, कुजलेली टोकं कापून नवीन सागाचे तुकडे बाजूच्या पोलादी पट्ट्यांनी बोल्ट केले आणि भिंतीत टोकांभोवती हवा खेळायला जागा सोडली.

खांबाच्या माथ्यावरचा हस्त, म्हणजे तुळईखालचा आडवा लाकडी तुकडा, मी तोवर नक्षीकाम समजत होतो. लाकूड तंतूंच्या दिशेने दाब छान सोसतं, आडवं दाबलं तर त्यापेक्षा कितीतरी कमी. तुळई खांबावर आडवी टेकते, म्हणून टेकण्याची जागा रुंद करायची, आणि हस्त बाहेर आल्यामुळे गाळाही थोडा कमी होतो. खाली खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही.

माझं मूळ गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेबद्दल घरात बोलणं होतं ते माणसांचं, बांधकामाचं नाही. वाईनंतर मी त्या किल्लारीच्या भूकंपाचे जुने अहवाल वाचायला घेतले. फूट-दीड फूट मातीचं माळवद (सपाट छप्पर) म्हणजे चौरस मीटरला सातशे किलोच्या घरात, दर पावसाळ्याआधी वर नवीन थर. भिंती दोन-तीन फूट जाड, गोल दगड मातीत रचलेले, आरपार जाणारा दगड नाही. बऱ्याच घरांत लाकडी खण (खांब-तुळयांचे सांगाडे) उभेच राहिले आणि भिंती मात्र दोन्ही बाजूंना सांडल्या. माणसं दगडांखाली गेली. तो भाग तेव्हा भूकंप नकाशावर सगळ्यात सौम्य, पहिल्या क्षेत्रात धरलेला होता. २००२ ला नकाशा बदलला.

आता ऑफिसात ईटॅब्स माझ्याकडेच आहे आणि नवीन मुलं आली की मी त्यांना आधी बोटाने दाखवायला लावतो. त्यांना ते आवडत नाही. मॉडेलने दिलेली सगळ्या फूटिंगच्या भारांची बेरीज आणि हाताने काढलेलं बिल्डिंगचं वजन जुळत नसेल तर पुढचं पान उलटायचं नाही, एवढा नियम आहे.

सध्या टेबलावर तिन्ही एकत्र असलेलं काम आहे. जुना आरसीसी बंगला, कॉलम २३० चेच, मालकांना वर एक हलका मजला हवाय: स्टीलच्या फ्रेम, लाकडी वासे, वर कौलं. फ्रेमचं डिझाइन दुपारभरात झालं. अडलंय ते जुन्या काँक्रीटला नवीन बेस प्लेट कशी धरायची यावर. केमिकल अँकर (काँक्रीटला भोक पाडून रसायनाने चिकटवायचे बोल्ट) लावायचे तर २३० च्या कॉलममध्ये बोल्टला कडेपासून अंतर मिळत नाही. म्हणून वरच्या बीमवर काँक्रीटचं कॉलर घालायचा विचार आहे. जुन्या काँक्रीटचे कोअर (गोल नमुने) कापून लॅबला दिलेत. ताकदीचा रिपोर्ट आला की कॉलरचं ड्रॉइंग करायचं, त्याआधी नाही.