'अफ्रेड'चा हरवलेला बाप

'अफ्रेड' (afraid, घाबरलेला) हा इंग्रजी शब्द शाळकरी पोरालाही येतो. तो मुळात एका क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ते क्रियापद 'अफ्रे' (affray), म्हणजे घाबरवणे, दचकवणे. बाप वापरातून गेला, पोर राहिलं. जाता जाता एक 'फ'ही गळाला.

त्याचंच आखूड रूप 'फ्रे'. 1611च्या इंग्रजी बायबलात 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (28:26) शाप आहे: तुमची प्रेतं पाखरं नि श्वापदं खातील आणि त्यांना हुसकायला कुणी नसेल. हे 'हुसकणं' तिथे 'फ्रे अवे' असं येतं. नेमकं हाकाऱ्याचं काम! कापडाचे दोरे सुटतात तो 'फ्रे' मात्र वेगळा. तो घासणे या अर्थाच्या लॅटिन धातूचा, त्यामुळे 'फ्रेड नर्व्ह्ज' म्हणजे घाबरलेलं नव्हे, झिजलेलं मन. इथे भलेभले फसतात.

भीतीचा 'अफ्रे' जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये 'एफ्रेये' अजून ठणठणीत आहे. त्याच्या पोटात 'फ्रिथु' हा जर्मानिक शब्द असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. अर्थ शांतता, जर्मन 'फ्रीडे' त्याच घरातला. त्या शब्दाच्या सुरुवातीला 'बाहेर' या अर्थाचा लॅटिन 'एक्स' लागला. म्हणजे घाबरवणं हे मुळात माणसाला शांततेतून उठवणं.

क्रियापद विझलं तरी 'अफ्रे' हे नाम कायद्यात एका गुन्ह्याचं नाव म्हणून टिकलं, आणि गंमत अशी की दोन देशांनी मुळातलं एकेक अंग उचललं. इंग्लंडच्या 1986च्या पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टात कलम 3 भीतीला धरून आहे: बेकायदा हिंसा किंवा तिची धमकी अशी हवी, की तिथे एखादा बऱ्यापैकी खंबीर माणूस असता तर त्यालाही स्वतःच्या सुरक्षिततेची धास्ती वाटली असती. असा माणूस तिथे प्रत्यक्ष हजर असायलाच हवा असंही नाही. नुसत्या शब्दांची धमकी मात्र पुरत नाही.

आपल्याकडे 1860च्या दंडसंहितेतलं कलम 159 भीतीचं नावही काढत नव्हतं. दोन किंवा अधिक माणसं, सार्वजनिक जागा, मारामारी आणि तिने मोडलेली शांतता, एवढं जुळलं की झालं. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी होती. 2024पासून न्याय संहितेच्या कलम 194ने दंडाची मर्यादा हजारावर नेली, व्याख्या तीच ठेवली. बंद खोलीत जुंपली, किंवा एकानेच मारलं आणि दुसऱ्याने मुकाट्याने खाल्लं, तर ते 'अफ्रे' नव्हे. त्याला दुसरी कलमं आहेत.