कुठलं सर्टिफिकेशन करू म्हणून विचारणाऱ्यांसाठी

बीसीए, बीसीएस, इंजिनिअरिंगचे निकाल लागले की मला मेसेज सुरू होतात. दादा एडब्ल्यूएस करू का अझ्युर (अॅमेझॉनचं आणि मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरनं भाड्यानं मिळणारे सर्व्हर), सीसीएनएला (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) अजून स्कोप आहे का, टेस्टिंगमध्ये कुठलं घेऊ. परवा इथं कोल्हापुरात राजारामपुरीत चहाला थांबलो तर मावसभावाचा मित्र पण तेच विचारत होता आणि विचारता विचारता त्यानं मोबाईलमध्ये एक पीडीएफ दाखवली, एवढे प्रश्न पाठ केले की पास होतंय म्हणं. तेव्हाच ठरवलं की यावर नीट लिहायचं.

आधी एक घोळ मिटवूया. क्लासवाले कोर्स संपल्यावर जे रंगीत सर्टिफिकेट देतात ते म्हणजे सर्टिफिकेशन नव्हे. ते फक्त तुम्ही क्लासला येत होता एवढंच सांगतं. खरं सर्टिफिकेशन म्हणजे ज्या कंपनीचं किंवा संस्थेचं ते तंत्रज्ञान आहे तिची परीक्षा देऊन मिळालेलं, आणि ते ऑनलाइन तपासता येतं, एडब्ल्यूएस आणि रेड हॅट (लिनक्सवाली कंपनी) दोघंही क्रेडली या वेबसाइटवर डिजिटल बॅज देतात, एचआरनं लिंक उघडली की तुमचं नाव आणि तारीख समोर. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते आणि पोराला हा फरक नोकरीच्या मुलाखतीत कळतो, याचा मला मनापासून राग येतो. फी भरायच्या आधी क्लासवाल्याला एवढंच विचारा, बाहेरच्या परीक्षेची फी यात धरली आहे का. उत्तर लगेच मिळालं नाही तर समजून जा.

आता कुठली परीक्षा द्यायची. माझं मत स्पष्ट आहे, जी परीक्षा समोर मशीन, म्हणजे कॉम्प्युटर देऊन काम करायला लावते ती द्या. उद्यमनगरात टर्नर ठेवून घेताना मालक त्याला लेथवर जॉब काढायला देतो, मायक्रोमीटर लावून बघतो आणि मग पगाराचं बोलतो, आपल्या क्षेत्रात असं बघणाऱ्या परीक्षा मोजक्याच आहेत पण आहेत. रेड हॅटची आरएचसीएसए (लिनक्स मशीन सांभाळायची परीक्षा), कोड ईएक्स२००, ३ तासांची, ३०० पैकी २१० ला पास, आणि त्यात पर्याय निवडायचा एकही प्रश्न नाही. इंटरनेट नसतं, मशीनवरची मॅन पेजेस (कमांडची माहितीपानं) मात्र वाचता येतात. कुबरनेटीसची (बऱ्याच सर्व्हरवर अॅप चालवणारं सॉफ्टवेअर) सीकेए २ तासांची, ६६ टक्क्यांना पास, आणि तिथं तर त्यांचं डॉक्युमेंटेशन उघडून बघायला परवानगी आहे. म्हणजे पाठांतर त्यांना नकोच आहे, वेळेत काम होतंय का ते बघायचंय. शिवाय पहिल्यांदा नापास झालात तर दुसरा चान्स त्याच फीमध्ये.

आरएचसीएसएमधली मला सगळ्यात आवडणारी अट म्हणजे तुम्ही केलेलं सगळं रीबूटनंतर टिकलं पाहिजे. समजा डिस्कवर नवीन पार्टिशन (भाग) करून माउंट करायला, म्हणजे वापरासाठी जोडायला सांगितलंय. माउंट कमांड मारली, डीएफ कमांडला दिसायला लागलं, पोरगं खूश. पण एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन चालू होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी) ओळ लिहिली नसेल तर मशीन परत चालू झाल्यावर ते माउंट नाही, मार्क गेले. आणि ओळ लिहिताना यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) चुकला तर त्याहून वाईट, मशीन नीट बूटच होत नाही, दुरुस्तीच्या इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. फायरवॉलचं पण तसंच, कमांडला परमनंट न जोडता पोर्ट उघडला तर रीबूटनंतर तो बंदच. म्हणून ओळ लिहिली की लगेच माउंट डॅश ए (यादीतलं सगळं माउंट करणारी कमांड) मारून बघायचं, आणि सगळं झालं की वेळ राखून एकदा स्वतः रीबूट करायचं. ही सवय हाताला लागली की प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर पण तसंच काम होतं, रात्री २ ला फोन येत नाही. मला विचाराल तर परीक्षेची फी इथंच वसूल झाली.

पर्यायवाल्या परीक्षा वाईट आहेत असं नाही बरं का. एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १०० डॉलर, त्यातनं क्लाउडची भाषा कळते, पण तेवढ्यावर थांबू नका. पास झालं की पुढच्या परीक्षेला ५० टक्के सवलत मिळते, ती वापरून सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट द्या. त्यातले प्रश्न चांगले विचार करायला लावणारे असतात, चारातले दोन पर्याय चालणारे असतात आणि त्यातला कमी खर्चाचा कुठला ते ओळखायचं असतं. पण सराव करताना एडब्ल्यूएसचं खातं उघडलं की पहिलं काम बजेट अलर्ट (खर्च वाढला की कळवणारी सूचना) लावायचं, नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) चालू ठेवून झोपलात तर त्यातनं काही गेलं नाही तरी तासाचे पैसे लागतात.

आणि डंप, म्हणजे त्या पीडीएफमधले चोरलेले प्रश्न. ते वापरून पास झालेलं पोरगं दोन प्रश्नांत सापडतं, "असं का?" विचारलं की गप्प. पकडले गेलात तर सर्टिफिकेशन रद्द होतं, बंदी पण येते. पण त्याहून मला हे सलतं की खरंच शिकून आलेल्या पोराच्या त्याच कागदाची किंमत त्यामुळं उतरते.

मराठी माध्यमातल्या पोरांनी हे नक्की करा. इंग्रजी मातृभाषा नसेल तर एडब्ल्यूएसमध्ये ३० मिनिटं जादा मिळतात, फक्त ते परीक्षा बुक करायच्या आधी खात्यातनं मागून घ्यावं लागतं. आयएसटीक्यूबी फाउंडेशनला (टेस्टिंगची परीक्षा) ४० प्रश्नांसाठी ६० मिनिटं असतात, त्यात पण २५ टक्के वाढवून मिळतात, म्हणजे ७५. लाजायचं काही कारण नाही, हक्काचा वेळ आहे तो.

नावाचं पण बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. खात्यात तसंच घातलं आणि पासपोर्टवर वेगळं असलं की दारातच अडवतात. ओळखपत्रावर जे आहे तेच खात्यात टाका.

घरातनं परीक्षा देणार असाल तर खोलीत कोणी येता कामा नये, टेबल मोकळं, तोंडातल्या तोंडात प्रश्न वाचलेला पण चालत नाही. लाइटचा भरवसा नसेल तर सेंटर बरं. पण पुण्याचं सेंटर घेताना जुलै-ऑगस्ट टाळा, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुण्याला जाणारा हायवेच बंद होता.

घरच्या सरावाच्या लॅबला खर्च नाही. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन मशीन आरामात चालतात, रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स (रेड हॅटच्या लिनक्ससारखंच) फुकट आहे, आणि रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन पण एकट्या माणसाला फुकट मिळतं. दोन मशीन उभी केली की आधी स्नॅपशॉट (मशीनची आहे तशी जपलेली प्रत) घ्या, मग मुद्दाम एफएसटॅब बिघडवा आणि इमर्जन्सी मोडमधनं ते परत उभं करून दाखवा. हे जमलं की मग तारीख बुक करा.