भाच्याचा एच-इंडेक्स

गणपतीच्या सुट्टीत भाचा बेळगावला आला, तेव्हा आरती झाल्यावरही त्याच्या फोनवर गूगल स्कॉलरचेच, म्हणजे संशोधनलेख आणि त्यांचे संदर्भ मोजणाऱ्या संकेतस्थळाचे पान उघडे होते. लेसर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे लेसर वापरून पदार्थांचा वर्णपट अभ्यासण्याच्या विषयात पीएच.डी. करून तो आता एका प्रयोगशाळेत काम करतो. त्याच्याच बरोबरीच्या एका मित्राने नॅनोपदार्थांचा विषय घेतला आणि त्याची सायटेशन्स (इतरांनी आपल्या लेखांत दिलेले त्याच्या पेपरांचे संदर्भ) आणि त्यांवरून निघणारा एच-इंडेक्स याच्या कितीतरी पुढे गेले, एवढेच निमित्त. "मामा, शेवटी फॉर्मवर हाच आकडा लिहायचा असतो," असे तो म्हणाला. मी आयुष्यभर पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवले, स्वतः संशोधन केले नाही. तरीही हा आकडा काय मोजतो ते नीट समजून घ्यावे असे मला वाटले.

एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली मांडली. एखाद्याच्या सहा पेपरांना अनुक्रमे 40, 12, 7, 5, 5 आणि 2 सायटेशन्स असतील, तर किमान पाच सायटेशन्स असलेले पेपर पाच भरतात, म्हणून त्याचा निर्देशांक 5. पहिल्या पेपरच्या चाळिसाचे चार हजार झाले तरी तो पाचच राहतो. जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे असतात हे स्वतः हिर्श यांनीच त्या लेखात नोंदवले आहे. पण फॉर्म तयार करणाऱ्यांनी तेवढा परिच्छेद बहुधा वाचलेला नसावा.

योगायोग असा की त्याच 2005 साली भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा लेसरच्या साहाय्याने केलेल्या अचूक वर्णपटमापनासाठी थिओडोर हेन्श आणि जॉन हॉल यांना मिळाला. हेन्श यांचा जन्म 1941 साली हायडेलबर्गचा, म्हणजे किर्खहोफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी 1859-60 च्या सुमारास प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःच्या वर्णरेषा (त्याच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा) असतात हे जिथे दाखवले त्याच गावचा. 1970 मध्ये ते स्टॅनफर्डला आर्थर शॉलो यांच्याकडे गेले, आणि गंमत म्हणजे या गुरुशिष्यांनी रंगद्रव्य घातलेल्या जिलेटिनपासूनही लेसर करून पाहिला. 1975 साली दोघांनी एक अगदी छोटा लेख लिहिला: अणूच्या वर्णरेषेपेक्षा किंचित कमी वारंवारतेचा लेसर चहूबाजूंनी सोडला, तर अणू ज्या दिशेने धावेल त्या दिशेकडून समोर येणारा प्रकाश डॉपलर परिणामामुळे (समोरून येणाऱ्याची वारंवारता वाढलेली भासल्यामुळे) त्याला अधिक अडवील आणि वायू थंड होत जाईल. ते प्रत्यक्षात करून दाखवायला 1985 साल उजाडले आणि त्या शाखेचे नोबेल 1997 साली स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी व विल्यम फिलिप्स या तिघांना मिळाले. 1976 साली बढतीचा फॉर्म भरताना त्या छोट्या लेखाची किंमत कोणी कशी लावली असती?

हेन्श यांच्या कारकिर्दीतला दुसरा धागा मला अधिक मोलाचा वाटतो. हायड्रोजनच्या तळपातळीतून पुढच्या ऊर्जापातळीत होणारे एक संक्रमण, म्हणजे त्याची एक वर्णरेषा, त्यांच्या गटाने 1975 मध्येच दोन फोटॉन (प्रकाशकण) एकदम शोषले जाण्याच्या पद्धतीने टिपली होती. त्यानंतर तीच एक रेषा हा गृहस्थ दशकानुदशके मोजत राहिला, आधी स्टॅनफर्डमध्ये, 1986 नंतर म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये. मोजण्यासाठी हातातली मोजपट्टी अपुरी पडली, म्हणून ऑप्टिकल फ्रिक्वेन्सी कोम्ब, म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या वारंवारतांची प्रकाश मोजायची पट्टी, हे नवे साधन घडले. 2011 साली या रेषेची वारंवारता 2,466,061,413,187,035 हर्ट्झ इतकी मिळाली आणि अनिश्चितता होती अवघी 10 हर्ट्झ. सायटेशन्स मात्र रेषेपेक्षा साधनाच्या वाट्याला अधिक येतात, कारण साधन सगळ्यांच्या उपयोगाचे असते. आणि साधन पुरते रुळले की तीही थांबतात. आज रामन वर्णपट (पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट) छापणाऱ्या लेखांमध्ये रामन यांच्या 1928 च्या मूळ लेखाचा उल्लेख क्वचितच सापडतो. नाव क्रियेलाच चिकटले, संदर्भ द्यायची गरज उरली नाही.

विसर्जनानंतर मी भाच्याला उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या फौंड्रीत घेऊन गेलो. तिथे भट्टीतले लोखंड साच्यात ओतून नाण्याएवढा नमुना करतात, तो घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, आरगॉन वायूत ठिणगी पाडतात आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांची टक्केवारी पडद्यावर येते. भाच्याच्या कामात ठिणगीच्या जागी लेसरचा स्पंद असतो, बाकी तत्त्व तेच, किर्खहोफ-बुन्सेन यांचे.

मशीनवरच्या माणसाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुमचा लेसर थेट वितळलेल्या लोखंडावर चालंल काय? म्हंजे नमुना घासत बसायला नको." भाचा म्हणाला की चालतो, त्यावर बरेच काम झाले आहे, पण पृष्ठभागावर मळी तरंगत असेल तर लेसर मळीचेच मापन करतो, आणि कार्बनची 193 नॅनोमीटरची रेषा हवेतच शोषली जाते. मग मळी किती वेळाने बाजूला काढतात, भट्टीच्या तोंडाशी आरगॉन कुठून सोडता येईल, नळी किती अंतरावर टिकेल, असे दोघांचे सुरू झाले. मी बाहेर बाकावर बसून दोन चहा घेतले. तो बाहेर आला तेव्हा एका जुन्या चलन-पावतीच्या पाठीवर भट्टीच्या तोंडाचे मोजमाप लिहून आणले होते.